झूल आमची, बैल त्याचे

नातीला सध्या इतिहासात सरंजामशाही आहे. मांडलिक गुडघे टेकून इमान वाहायचा आणि मालक त्याला सांभाळायचा, असं तिनं परवा नागपुरात, आमच्या बेसाच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून मला समजावलं. मी म्हटलं, बाई, तुझी आजी मालगुजाराची सून आहे, मला नको शिकवू. मालगुजारी म्हणजे आमच्याकडची गावाची मालकी. मी उमरेडकडच्या त्या घरात लग्न होऊन गेले, तेव्हा सरकारनं ती कधीच काढून घेतली होती. पण मी नागपुरात वाढलेली, अक्कल बेताचीच. बातमी माझ्यापर्यंत पोचली नव्हती. अंगणात अशी फिरायचे, जणू चिमण्यासुद्धा आमची रयत.

घराकडे एकच मान उरला होता. पोळ्याला तोरणाखाली पहिली जोडी मालगुजाराची. ती आल्याशिवाय पोळा फुटत नसे, सारं गाव खोळंबून राही. एका वर्षी मामाजी, म्हणजे माझे सासरे, ऑपरेशनसाठी नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यात, नवरा त्यांच्याजवळ, आणि आमची जोडी उन्हाळ्यातच विकलेली. जाताना मामाजींनी एवढंच बजावलं होतं, "सूनबाई, पहिला मान सुटला नाही पाहिजे."

मी आमच्या जुन्या सालदाराला बोलावणं धाडलं. वर्षाच्या बोलीवर तो आमच्याकडे कित्येक पाडवे राबला होता. यंदा काम सोडून त्यानं स्वतःची पहिली जोडी घेतली होती. मी झोपाळ्यावरून फर्मान काढलं: बैल तुझे, झूल आमची, तोरणाखाली आमच्या नावानं उभे कर, कोणाला कळणार नाही. ज्या गावाला शेजारची भाजी वासावरून कळायची, त्याला बैल ओळखू येणार नाहीत, असा माझा हिशेब.

तो मान खाली घालून उभा. बरोबर आलेली त्याची बायको मात्र बोलली. "आमचा पहिलाच पोळा हाय, सूनबाई. आमचे बैल आमच्या नावानं कवा उभे राहतीन?"

मी म्हटलं, पुढच्या वर्षी. जणू पुढचं वर्षही आमच्याच मालकीचं. त्यानं झुली खांद्यावर टाकल्या. जुनी सवय, दुसरं काय. ती मागे न बघता गेली.

दुपार कलल्यावर पोळा फुटल्याचा गलका ऐकू आला. पोळा फुटला की बैल घरी येतात. घरची बाई त्यांचे पाय धुते, ओवाळते, आणि बैल आणणाऱ्याच्या हातावर बोजारा ठेवते. पैसे, धान्य, पुरणपोळी, जे असेल ते. मी भरजरी लुगडं नेसून, ताट घेऊन फाटकात उभी.

बैल आले. आमच्या झुली, शिंगांना बेगड, मागे अर्धं गाव. आणि फाटकावरून माझ्याकडे ढुंकूनही न बघता पुढे गेले. आज आपण मालगुजाराचे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांना त्यांचा गोठा ठाऊक. सालदार कासरा ओढत होता, पण फार जोर लावून नव्हे. मी, मालगुजाराची सून, निरांजनाला पदराचा आडोसा करून त्यांच्या मागे धावत सुटले. पारावरचा एक म्हातारा शेजाऱ्याला शांतपणे म्हणाला, "मालगुजाराचे बैल घर भुलले गा." कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

बैल थांबले ते सालदाराच्या दारात. त्याची बायको तांब्या घेऊन उभीच होती. तिनं झुली उतरवून घडी केल्या, पाय धुतले, ओवाळलं. मग धापा टाकणाऱ्या माझ्याकडे वळली. "बैलाच्या मागं येणाऱ्याले आमी रिकामं धाडत नाही," म्हणाली, आणि पळसाच्या पानात गुंडाळलेली पुरणपोळी पुढे केली. मी ताट खाली ठेवून दोन्ही हातांनी घेतली.

दुसऱ्या दिवशी एसटीनं धंतोली गाठली. मामाजी कण्हत उठून बसले. पहिली जोडी आपलीच होती ना? होती, म्हटलं. आपल्या दारातून बोजारा दिला ना?

"दिला नाही, मामाजी. मलाच मिळाला."

सगळं सांगितलं. नवरा खिडकीबाहेर बघू लागला.

"पुढच्या साली त्याचीच जोडी पहिली राहीन. त्याच्या नावानं," मामाजी म्हणाले. मग आवाज उतरवून विचारलं, "पोळी कुठं हाय?"

दवाखान्याच्या पेजेवर दिवस काढत होते बिचारे. मी रात्रभर अपमान म्हणून पोळीला हात लावला नव्हता; पण उमरेड सुटलं, भूक लागली, आणि एसटीतच खाऊन टाकली होती.