तूप लावलेला साचा

सिंगापुरात आयुष्यभर कंपन्यांचे हिशेब तपासणाऱ्या शुभदा गोगटे यांना पन्नाशीनंतर पेरू देशातल्या, दीड हजार वर्षांपूर्वीच्या मोचे संस्कृतीतल्या कुंभारांचा ध्यास का लागावा? खुद्द शुभदाताईंनाही याचे उत्तर कधी देता आले नाही. त्या कुंभारांना कुंभाराचे फिरते चाक ठाऊक नव्हते. भाजलेल्या मातीच्या दुभागी साच्यात ते ओली माती बोटांनी दाबत, दोन्ही भाग सांधत आणि वर घोडेस्वाराच्या रिकिबीच्या आकाराची पोकळ तोटी बसवत. काही भांड्यांना तर हुबेहूब माणसांचे चेहरे असत.

सिंगापुरातल्याच बुकित बातोक भागातल्या कुंभारकामाच्या वर्गात शुभदाताईंनी तसाच साचा करायला घेतला. त्यासाठी आधी मातीत घडवायचा चेहरा पती निशिकांत यांचा.

"अहो, हलू नका. नाक बिघडतंय."

"ते मुळातच बिघडलेलं आहे. आणि डोकं आतून पोकळच ठेवायचं ना? मग निम्मं काम झालंय."

साचा नीट भाजून निघाला. मूळ मातीचा चेहरा मात्र साच्यातून काढतानाच मोडला होता. आता सारी भिस्त साच्यावर. माती चिकटू नये म्हणून शुभदाताई घरून तुपाची वाटी घेऊन गेल्या आणि मोदकाच्या साच्याला लावावे तसे त्यांनी ते आतून फासले. माती सुटेना. ओढताच निशिकांतरावांचा गाल साच्यातच राहिला.

शिक्षिका मिसेस तान यांनी साचा हुंगला आणि आपले नेहमीचे सिंगापुरी 'लाह' जोडून विचारले, "केक करतेयस का, लाह? कोरडा साचा मातीतलं पाणी पितो, म्हणून माती आक्रसून सुटते. तू त्याचं तोंडच बंद केलंस!"

उपाय एकच होता: पुन्हा भाजून तूप जाळून टाकणे. पण दुसऱ्या आचेत साचा तडकण्याची भीती होती.

"तडकला तर?" घरी शुभदाताईंनी विचारले.

"तर मी पुन्हा बसेन. तोवर आणखी केस गेलेले असतील. तेवढीच माती कमी लागेल."

भट्टी उघडली तेव्हा साचा काळपट पडला होता, पण अखंड होता. यावेळी त्यात दाबलेली माती हळूहळू कडेने सुटली आणि कपाळ, नाक, गाल सलग हाती आले. तोटी बसवून झाल्यावर शुभदाताई गुळगुळीत दगडाने ते गाल इतका वेळ घोटत राहिल्या की वर्गातल्या बायका हसू लागल्या.

"घरी एवढे लाड होत नाहीत हं," निशिकांतरावांनी भांडे पाहून तक्रार केली.

तडकेल अशी भीती वाटलेल्या त्याच साच्यातून पुढे जून २०२४ मध्ये दुसरे भांडेही अखंड निघाले.