ऑर्डर वाचून दाखवताना

जिनिंगच्या कारखान्यातून उडालेल्या कापसाच्या तुसाचा, एसीच्या जाळीत अडकून उबलेला वास: शेअर दलालीच्या त्या कार्यालयाची आठवण मला नेहमी नाकातूनच येते. आदिलाबादच्या रहदारीच्या रस्त्यावर, औषधांच्या दुकानाच्या माडीवर आमची खोली होती. बाजार उघडला की सगळे फोन एकदम वाजत. गिऱ्हाइकाने सांगितलेला सौदा आम्ही त्याला तेलुगूत, हिंदीत, मराठीत पुन्हा वाचून दाखवत असू: कोणता शेअर, किती नग, घ्यायचा की विकायचा. संभाषण ध्वनिमुद्रित होई. पलीकडून होकार आल्याखेरीज बटण दाबायचे नाही, असा नियम होता. कवितेवर वाढलेल्या माझ्या कानाला त्या गलबल्यातही लय सापडे.

मग ज्याच्या त्याच्या मोबाइलवर अ‍ॅप आले, दलाली जवळजवळ फुकट झाली, आणि फोन एकेक करून निमाले.

मी शेअर दलालीची परीक्षा देऊन या धंद्यात शिरले तेव्हा कॉलनीतल्या बायका म्हणत, "तुमचं बरं हाय बाई, बसल्या जागी नोटा." प्रत्यक्षात पगार एवढासा; बाकी सारे गिऱ्हाइकांच्या उलाढालीवर. शेअर घेऊन शांत बसणारा शहाणा माणूस माझ्या काहीच उपयोगाचा नव्हता. या महिन्यात उलाढाल वाढली नाही तर माझी खुर्ची जाईल, असे वरिष्ठांनी सांगून टाकले होते.

अशातच भीमपूरच्या मावशी आल्या. माझ्या जुन्या गिऱ्हाईक; निवृत्त परिचारिका, पदराला नीलगिरीच्या तेलाचा वास. नोकरीभर त्यांनी थोडेथोडे शेअर घेऊन ठेवले होते, हातपाय थकल्यावर कुणापुढे हात पसरायला नको म्हणून. विकले की मुलगा ते पैसे ट्रॅक्टरला मागेल, ही त्यांची धास्ती. त्यामुळे त्यांनी आजवर एकही विकला नव्हता. आज त्यांना नातीविषयी विचारायचे होते.

"पोरगी म्हणते, तुयासारखीच परीक्षा देते. भेटते कितीक यात?"

"नको मावशी. दुसरं काहीही करू दे."

"काऊन वं? तू तं एसीत बसून राह्यली. आमी उभ्यानं जिंदगी काढली."

मी हसले, आणि मग सारे सांगितले. पगार, दलाली, जाऊ घातलेली खुर्ची.

"म्हंजे मी काई इकलं नाई, तं तुले काईच नाई?"

"तसंच काहीसं."

त्या उठल्या. भिंतीला हात टेकत जिना उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच माझ्या टेबलावरचा फोन वाजला. मावशींना त्यांचा सर्वांत जुना शेअर विकायचा होता. सगळेच्या सगळे नग.

"मावशी, यातून माझ्या हाती चहापाण्यापुरतंसुद्धा पडत नाही. माझी नोकरी यानं वाचायची नाही."

"तू तं म्हणशीनच तसं. भल्या घरची पोर हायेस."

"खरंच सांगते. हे तुमच्या म्हातारपणाचं आहे."

"मंग आता अजून कवा येनार हाय वं म्हातारपण?" त्या हसल्या. मला हसता आले नाही.

गिऱ्हाइकाचा सौदा अडवण्याचा मला अधिकार नव्हता. मी वाचू लागले. इतक्या सावकाश मी कधीच वाचले नव्हते. शेअरचे नाव उच्चारून थांबले, नगांचा आकडा उच्चारून थांबले. या थांब्यांत कुठेतरी त्यांनी मला अडवावे, एवढीच आशा होती. पलीकडे सोयाबीनच्या मळणीयंत्राची घरघर ऐकू येत होती, आणि तिच्याखाली त्यांचा संथ, निश्चिंत श्वास. त्या श्वासात कुठेही शंका नव्हती. मला सर्वांत असह्य झाले ते हेच. वाचण्याजोगे काही उरले नाही, तेव्हा मी विचारले, "विकू?"

"इक."