तळवडेकरबाई आणि ग्रहणातला पेरू

परळच्या बाजारात मासा घेताना लोक कल्ले उचलून बघतात, लाल आहेत की नाहीत. तळवडेकरबाई त्याचा जबडा उघडून बघायच्या. बरं, बघायच्या म्हणजे बघतच राहायच्या. "बाय, घ्यायचा हाय का दात मोजायचे हायत?" असं कोळीण ओरडली की आम्हा मुलींकडे वळून म्हणायच्या, "बघा गं. तुमच्या कानातली दोन हाडं एके काळी अशाच जबड्यात होती." आम्ही लाजेने मेल्याहून मेल्यासारख्या व्हायचो. बाई मात्र शांतपणे बांगडे पिशवीत टाकून चालू लागायच्या.

बाई आम्हाला कॉलेजात झूलॉजी शिकवायच्या. गिरणी कामगाराची मुलगी, ठेंगणी, जाड चष्मा, सुती साडी. वर्गात एकदम पुस्तकी मराठी, पण चिडल्या की मालवणी. उत्तर चुकलं की "अगं बेडकाच्या चुलत बहिणी" अशी सुरुवात व्हायची. गर्भ कसा घडतो हा विषय निघाला की त्यांना घंटा ऐकू यायची नाही. "मासा, बेडूक, कोंबडी, वटवाघूळ आणि तू," त्या बोट रोखून सांगायच्या, "कणा असलेल्या सगळ्यांत गर्भाच्या पाठीवरून काही पेशी निघतात. आपले चाकरमानी म्हणा ना! घर सोडायचं, चालत सुटायचं, पोचू तिथे काम धरायचं. कोणी जबडा बांधतं, कोणी कातडीला रंग देतं, कोणी नस होतं. कामकरी सगळीकडे तेच. किती पोचले, कधी पोचले, किती दिवस राबले, ह्यावर बदकाची पसरट चोच की कोंबडीची टोकदार, ते ठरतं."

हे सगळं मी परीक्षेत धडाधड लिहिलं आणि विसरून गेले. दादरला विम्याच्या ऑफिसात चिकटले, लग्न होऊन लालबागला आले. आठ वर्षांत बाईंना एक फोन केला नाही.

मग मला दिवस गेले. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डॉक्टर म्हणाले, बाळाचा वरचा ओठ दुभंगलेला दिसतोय. ऑपरेशनने छान होतं, घाबरू नका. घरी आल्यावर सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "गो, ग्रहणात काय कापलंस?"

कापला होता. पेरू. सूर्यग्रहण होतं त्या संध्याकाळी ऑफिसातून भुकेने कासावीस होऊन आले, सासूबाई देवाजवळ जप करत बसलेल्या. मी गुपचूप ओट्याशी उभी राहून पेरू कापला आणि तिखटमीठ लावून खाल्ला. आता ते कबूल केल्यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी भांडले तरी असते! त्यांनी फक्त माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि त्या दिवसापासून मला भाजीला हात लावू दिला नाही. शेजारणी आल्या की आवाज खाली यायचे. आणि लाज वाटते सांगायला, मी झूलॉजीची पदवीधर, पण मलाही ते खरं वाटायला लागलं. माझ्या जिभेच्या चोचल्यांपायी माझ्या बाळाचा ओठ फाटला, ह्याशिवाय डोक्यात दुसरं काही येईना.

शेवटी बाईंना फोन लावला. रडत रडत सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "सासूबाई घरात कधी असतात?"

दुसऱ्या दिवशी बाई हजर. चहा नको म्हणाल्या, भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि माझ्या नवऱ्यासमोर खणखणीत आवाजात विचारलं, "शेवटची पाळी कधीची?" नवरा गॅलरीत पळाला. बाईंनी पेन्सिलीने आठवडे मोजले. एका आठवड्यावर गोल केला. "वयनी, हय बघा. चेहऱ्याच्या दोन बाजू मधे येऊन ओठ जुळतो तो ह्या सुमाराला. जुळायचा तर तेव्हाच." मग पानं उलटून दुसरा गोल केला. "आणि ग्रहण हय. पेरू कापला तेव्हा ओठाचं काम आटपून दीड महिना झाला होता."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. अगदी आवाज करून उतरला म्हणा, कारण मी तिथेच भोकाड पसरलं. पण सासूबाई पहिल्या गोलाकडेच बघत होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "गणपतीत? तेव्हा तर मीच हिका दोन दिस नारळ खवूक बसवलंय!"

"वयनी," बाई म्हणाल्या, "नारळ खवून ओठ फाटाक लागले तर कोकणात एकाचोय ओठ धड रवाचो नाय."

सासूबाईंना हसू आवरेना. बाईंनी त्यांचा हात धरला. "कोणाचंच काही चुकलेलं नाही. पेशी निघतात, काही कमी पोचतात, काही उशिरा. का, ते बहुतेक वेळा डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण ह्या पेशी कधी वेगळं वागल्याच नसत्या ना, तर अजून आपण सगळे बिनजबड्याचे, चिखल चोखत पडलो असतो!" जाताना त्यांनी सुरी आणि पडवळ माझ्या हातात दिलं. "चीर. मी बघते." मी चिरलं. सासूबाईंनी त्याची भाजी केली आणि बाईंना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

मुलगी झाली. चार महिन्यांची असताना ऑपरेशन होतं, त्या दिवशी बाई आमच्या आधी हॉस्पिटलात पोचल्या होत्या. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, सगळं व्यवस्थित झालंय, थोड्या वेळाने बघायला मिळेल. आम्ही तिघी बाकावर बसलो. काय सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू! नवरा पेढे आणायला धावला.

तेव्हा बाई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ असाच होता. आईने ग्रहणात सुरण चिरला म्हणून सगळ्या चाळीने तिला दोषी धरलं. मरेपर्यंत ग्रहण आलं की ती आपणहून काळोखात जाऊन बसायची. मी हे शिकले तेव्हा ती राहिली नव्हती."

 सासूबाई सरकून बाईंच्या जवळ बसल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"बाईनू, तुमच्या आवशीची काय एक चूक नाय हां."

तीस वर्षं बाईंनी हेच वर्गावर्गात शिकवलं होतं. त्यांना मात्र हे कोणी सांगितलं नव्हतं. चष्मा काढून त्या ढसाढसा रडल्या, सासूबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून.