उजेड कोणाचा

आमचे भाऊजी फोटो काढण्याआधी विचारतात, "मारू का?"

पासपोर्टच्या फोटोला आलेला माणूस स्टुलावर ताठ बसलेला असतो, श्वास रोखून, आणि हे कॅमेऱ्यामागून विचारतात, "मारू का?" नवीन माणूस दचकतो, मग हसतो, तेवढ्यात फ्लॅश उडतो आणि फोटो बरा येतो. मला आधी वाटायचं, ही त्यांची युक्ती आहे. युक्ती वगैरे काही नाही, ते खरंच परवानगी मागतात. अशा सरळ माणसाच्या पदरी माझी ताई पडली आणि ताईच्या मागोमाग मीही, कारण गेली चौदा वर्षं त्यांच्या स्टुडिओतल्या कम्प्युटरवर मी बसते. लोकांच्या गालावरच्या पुटकुळ्या काढते, मागची भिंत पांढरी करते, एका कागदावर आठ फोटो लावून कापते. मेहुणी म्हणून भाऊजींची टर उडवायचा मला हक्क आहे आणि तो मी दिवसभर बजावते. पण ही हकिगत सांगताना टर उडवायला मन होत नाही.

स्टुडिओवर आमचं घर चालतं, पण भाऊजींचा जीव नाट्यगृहात. नवीन नाटक आलं की रंगीत तालमीचे फोटो तेच काढायचे. दुपारी तालीम चालू असताना हे पुढे जायचे, हात वर करायचे, नट जिथल्या तिथे थांबायचे, "मारू का?" आणि फ्लॅश. ते फोटो नाट्यगृहाबाहेरच्या काचेच्या पेटीत लागायचे. त्यात सगळं लख्ख दिसायचं: चेहरा, खोटे दागिने, मागच्या पडद्यावर पडलेली काळी सावली, भिंतीचा रंग कुठे उडालाय तेसुद्धा. राजवाडा असो नाहीतर तुरुंग, सगळीकडे सारखाच उजेड. मी म्हणायचे, "भाऊजी, राणीचासुद्धा पासपोर्टच काढलात की हो!" ते हसायचे. म्हणायचे, "लोकांना चेहरा दिसायला नको का?"

नाट्यगृहातला लाइटवाला त्यांचा मित्र. रंगमंचावर कुठे किती प्रकाश पडायचा हे तो ठरवायचा. वीस वर्षांची मैत्री, मधल्या सुट्टीतला चहा दोघांचा एकाच बाकावर. मी त्याला तेव्हा अहो-जाहो करायचे. आता करत नाही.

फ्लॅशवरून त्यांची नेहमी जुंपायची. लाइटवाला म्हणायचा, "मी तिच्या तोंडावर संध्याकाळ आणतो आणि तू तिथे भर दुपार करून ठेवतोस. तुझ्या एका चमकाऱ्यात माझी आठ दिवसांची मेहनत पाण्यात जाते."

"मग अंधारात काढू काय?"

"मोठ्या तोंडाची लेन्स घे. आहे त्या उजेडात काढ."

नेमका त्याच सुमाराला भाऊजींचा फ्लॅश म्हातारा झाला होता. झाकणाला चिकटपट्टी, एकदा उडाला की पुन्हा उडायला दम खायचा. नवीन घ्यायचा हे ठरलं होतं, आणि फ्लॅश आणि लेन्स यातलं एकच काहीतरी घेता येणार होतं. महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

त्या लेन्सची काच वाटीच्या तोंडाएवढी. जरासा उजेड असला तरी भरपूर आत घेते. पण तिची एक खोड आहे, फोकस नखाएवढा. डोळ्यावर धरला तर कान धूसर, आणि समोरचा श्वासासरशी पुढे झुकला तर डोळाही गेला. फ्लॅश बिचारा असले नखरे करत नाही. तो आपल्या घरचा उजेड, खांद्याला लटकवा आणि न्या कुठेही. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना सारखं वागवतो.

ताईचं मत स्पष्ट होतं. "समारंभाची कामं फ्लॅशवर होतात. मागच्या रांगेतली आत्या धूसर आली, तर लोक आपल्याला दारात उभं करतील का?" मीही ताईच्याच बाजूची. भाऊजी मान डोलवायचे आणि रात्रंदिवस त्या लेन्सची माहिती वाचायचे.

शेवटी लाइटवाला घरीच आला. ताईसमोर बसून म्हणाला, "वहिनी, हा नुसता फोटोवाला नाही. ह्याच्याकडे डोळा आहे. फ्लॅश मारून मारून तो डोळा फुकट चाललाय." भाऊजींना त्याने अलगद हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. दुसऱ्याच आठवड्यात लेन्स आली, आणि पासपोर्ट-समारंभ सोडले तर म्हातारा फ्लॅश कपाटात गेला.

पहिल्या तालमीचे तीनशे फोटो मी कम्प्युटरवर उघडले. त्यातले अकरा धड होते. बाकीच्यांत नाकं स्पष्ट आणि डोळे गेलेले, नाहीतर मागची खुर्ची झकास आणि नट धुक्यात. भाऊजी रडकुंडीला आले, पण हटले नाहीत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मला काउंटरवरच्या दिव्याजवळ बसवायचे. "हल, पण सावकाश. पुढे-मागे. थांबू नको." मी एकटीच दिव्यासमोर झुलत असायचे आणि पडद्याआडून हे नेम धरून. एकदा एक बाई पडदा सारून आत आल्या आणि माझ्याकडे बघून आल्या पावली परत गेल्या.

मग ते तालमींना पहिल्या दिवसापासून जायला लागले, कॅमेरा न घेता. तिसऱ्या रांगेत बसून कोणता नट कोणत्या वाक्यानंतर थांबतो, कोण कुठे श्वास घेतो, हे पाठ करायचे. "बोलताना माणूस हलतो," ते मला म्हणाले. "बोलून झाल्यावर एक क्षण असतो. तेव्हा तो कुठेच जात नाही. तेवढ्यात काढायचा." एकच गोष्ट त्यांना खुपायची. आता विचारायची सोय राहिली नव्हती. "चोरून घेतल्यासारखं वाटतं गं," ते म्हणायचे. लाइटवाल्याजवळही एकदा बोलले. तो हसला. "चोरी कसली? तिथे पडलेला उजेड तू उचलतोस."

आणि फोटो असे यायला लागले की पेटीसमोर लोक थांबू लागले. त्यातला म्हातारीचा फोटो तर सगळ्या शहराने पाहिला. नाटकात एक म्हातारी टेबलावरच्या एकुलत्या दिव्यात मुलाचं पत्र वाचते. पान उलटायच्या आधी ती नटी किंचित थांबायची, रोज नाही, मनात आलं तर. भाऊजी चार तालमी खांबाला टेकून उभे राहिले आणि चौथ्या तालमीला तो क्षण सापडला. ओला गाल स्पष्ट, पत्राची कड स्पष्ट, बाकी सगळा अंधार. कम्प्युटरवर तो फोटो उघडला तेव्हा मी टर उडवायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

अशी सहा वर्षं गेली. फोटो बघून लाइटवाल्याला दुसऱ्या शहरांतली नाटकं मिळायला लागली. प्रकाश बघायला कोणी नाट्यगृहात बसत नाही, फोटोत मात्र तो दिसायचा. आम्हाला त्याचं बरंच वाटायचं.

यंदा नाट्यगृहाने प्रदर्शन भरवायचं ठरवलं. दालनात चाळीस फोटो, मोठे, काचेच्या चौकटीत. निरोप लाइटवाल्यानेच आणला. "तुझं नाव लागणार बघ आता भिंतीवर," तो म्हणाला, आणि भाऊजींचे कान लाल झाले. तीस वर्षं त्यांनी फोटो काढले, पण त्यांचं नाव कुठे लागलं असेल तर दुकानाच्या पाटीवर. तीन रविवार लाइटवाला आमच्या टेबलावर बसून फोटो निवडत होता. ताईने तिन्ही वेळा जेवायला वाढलं. शेवटच्या रविवारी उठता उठता तो मला म्हणाला, "ते कोपऱ्यातलं नाव काढ हं सगळ्यांवरचं. मोठ्या फोटोवर बरं दिसत नाही. खाली स्वतंत्र पट्टी असतेच."

भाऊजींचं नाव प्रत्येक फोटोच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत मीच टाकायचे. मीच ते काढलं. चाळीस फोटो, एका दुपारी. पुटकुळ्या काढते तितक्याच सफाईने. आजही त्या दुपारची आठवण झाली की स्वतःच्या हातांचा राग येतो.

उद्घाटनाच्या दिवशी आम्ही चौघं नीटनेटके कपडे घालून निघालो: भाऊजी, ताई, त्यांची मुलगी आणि मी. भाऊजींनी नवा निळा शर्ट घातला होता. म्हातारीच्या फोटोशेजारी सगळ्यांचा एक फोटो काढायचा, हे ताईने आधीच बजावलं होतं. "आणि तुमची लेन्स नको. आज सगळ्यांचे चेहरे आले पाहिजेत. तो जुना फ्लॅश घ्या." म्हणून चिकटपट्टीवाला फ्लॅश माझ्या पिशवीत होता.

दालनाच्या तोंडाशी मोठा फलक. त्यावर लाइटवाल्याचा हसरा फोटो, तोही भाऊजींनीच काढलेला, त्याचं नाव, आणि खाली लिहिलेलं, 'यांची चाळीस प्रकाशदृश्यं'. प्रत्येक चौकटीखाली पट्टी होती. नाटकाचं नाव, साल, लाइटवाल्याचं नाव. मला वाटलं, भाऊजींचं पुढे असेल. मी एकेक चौकट वाचत गेले. चाळीसही वाचल्या. शेवटी दाराजवळ आभारांची यादी होती. सुतार, मग 'छायाचित्रण साहाय्य' म्हणून भाऊजी, मग खुर्च्या पुरवणारे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊजी यादीसमोर नुसते उभे होते, चष्मा काढून पुसत. मग ते लाइटवाल्याकडे गेले. भांडायला नाही. त्यांना खरंच वाटलं होतं की छापताना काहीतरी चुकलंय.

"अरे, पट्ट्यांवर माझं नाव राहिलं."

"राहिलं नाही रे," लाइटवाला म्हणाला. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी प्रेमाने. "नीट बघ ना. फोटो म्हणजे काय? उजेडच ना? आणि हा उजेड कोणाचा? तू फ्लॅश मारला असतास तर गोष्ट वेगळी, तो तुझा असता. ह्यात तुझं काय आहे?"

"तो क्षण..." भाऊजी म्हणाले. "ती थांबते तो."

"थांबते ती. दिवा माझा. तू फक्त तिथे होतास."

भाऊजींनी खांद्यावरचा हात काढला नाही. तो तिथे आहे हेच त्यांच्या लक्षात नसावं. ज्याच्या शब्दाखातर त्यांनी फ्लॅश सोडला, त्यानेच फ्लॅश सोडल्याचं कारण पुढे करून केसाने गळा कापला होता. ताई मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही.

"तीन रविवार आमच्याकडे जेवलात," ती म्हणाली. "डोक्यावर दिवा होताच की. मग स्वयंपाक काय दिव्याने केला?"

आजूबाजूचे दोन-चार जण वळले. लाइटवाल्याने हात आवरला आणि विषय बदलला. वर्तमानपत्राला फोटो द्यायचा होता म्हणे, आणि त्यांचा माणूस आला नव्हता. कोणीतरी भाऊजींच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. लाइटवाल्याला तेवढीही लाज वाटली नाही. "काढ ना रे, तू आहेसच." आणि म्हातारीच्या फोटोशेजारी, हाताची घडी घालून, उभा राहिला.

मला वाटलं, भाऊजी निघून जातील. त्यांनी माझ्यापुढे हात केला. मला क्षणभर कळलं नाही. मग मी पिशवीतून फ्लॅश काढून दिला.

"फ्लॅश कशाला?" लाइटवाला म्हणाला. "समोर काच आहे. उजेड उलटा येईल."

ही गोष्ट पासपोर्ट काढणाऱ्यालाही ठाऊक असते. काचेसमोर सरळ उभं राहून फ्लॅश मारू नये. भाऊजी काचेसमोर सरळ उभे राहिले. दम खाणाऱ्या फ्लॅशचा लाल ठिपका लागेपर्यंत थांबले. मी वाट बघत होते ते विचारतील म्हणून. फ्लॅश मारताना, चौदा वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी विचारलं नाही.

तो फोटो वर्तमानपत्रात आला नाही. कसा येणार? त्यात लाइटवाला पासपोर्टसारखा सपाट, डोळे अर्धे मिटलेला, मागे भिंतीवर काळी सावली. म्हातारी गेली, तिचा दिवा गेला. तिच्या जागी काचेत एक पांढरा भडका, आणि भडक्याखाली, अंधुक पण ओळखू येणारा, निळा शर्ट आणि कॅमेरा धरलेले दोन हात.

लेन्स आता कपाटात आहे. भाऊजी नाट्यगृहात जात नाहीत. तिथे कोणीतरी फोटो काढत असेलच. कधी दुपारी मी काउंटरवरच्या दिव्याजवळ मुद्दाम बसते, जराशी झुलते. ते बघतात आणि पासपोर्टचे फोटो कापायला कात्री हातात घेतात.

तो भडक्याचा फोटो मी छापला आणि पडद्यामागे स्टुलासमोर लावला. लावण्याआधी उजव्या कोपऱ्यात त्यांचं नाव टाकलं, या वेळी चांगलं ठसठशीत. ते जवळ आले, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"नाव काढ," ते म्हणाले. "ह्यात मी दिसतोय की."