आनंदरावांची डिस्क

आनंदराव खापरखेड्याच्या वीज केंद्रात राखेच्या विभागात होते. घरी आले की ते सुधारणा विभागात असत. त्यांनी नळ सुधारला, तो भिंतीच्या आत गळू लागला. कूलर सुधारला, तो घरात गरम हवा आणि घराबाहेर पाणी देऊ लागला.

मग गाडीची पाळी आली. गाडी पंधरा वर्षांची झाली होती, आरटीओत फिटनेसच्या तपासणीला न्यायची होती. त्यांच्या बायकोनं, भीमाबाईंनी, आधीच सांगून टाकलं होतं.

"पास झाली तं ठेवा. नापास झाली तं भंगारात. मले अंगण मोकळं पायजे."

कॉलनीत आनंदरावांना 'गाडीवाले आनंदराव' म्हणत. गाडी गेली असती तर नुसते आनंदराव उरले असते, आणि तेवढ्यावर भागेल असं त्यांनाही वाटत नव्हतं. त्यात शेजारच्या गणपतरावांनी नवी गाडी घेतली होती. चारही चाकांना डिस्क ब्रेक. ते येता-जाता ऐकवत. आनंदरावांच्या मागच्या चाकांना ड्रम होते. ड्रम चांगले धरत होते. पण चांगली चालणारी वस्तू पाहिली की आनंदरावांचे हात शिवशिवत. आरटीओचा साहेब मागे डिस्क पाहील आणि खूश होऊन शिक्का मारील, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

जरीपटक्याच्या गोलू मिस्त्रीनं दुसऱ्या एका गाडीच्या पुढच्या डिस्क आणल्या, पट्ट्या वेल्ड केल्या आणि मागे बसवल्या. मग हातात एक तार धरून तो उभा राहिला.

"काका, हे हँडब्रेकची तार. ड्रमलेच लागते. डिस्कमंधी हिले जागा नाई."

आनंदराव विचारात पडले. नागपूर सपाट. कॉलनीत गाडी गिअरमध्ये टाकायची आणि चाकामागे राखेची वीट लावायची, ही पद्धत. आनंदरावांच्या विटेवर तर नावही रंगवलेलं होतं.

"कधी वढला का गा तू हँडब्रेक?"

"नाई."

"मंग काढून टाक."

जुने ड्रम घरी आले. भीमाबाईंनी त्यांत माती भरली, चिनी गुलाब लावला आणि दोन्ही खिडकीखाली ठेवले.

फिटनेसच्या दिवशी साहेबांनी वाकून डिस्क पाहिल्या.

"छान. आता त्या चढावर उभी करा. हँडब्रेक ओढा."

आनंदरावांनी ओढला. दांडी सहज वर आली. गाडी सहज मागे निघाली. त्यांनी पायानं ब्रेक दाबला.

"पाहा साहेब, कशी धरली."

"पाय काढा."

गाडी पुन्हा निघाली.

"थांबा साहेब, डिक्कीत वीट आहे."

साहेबांचा पेन थांबला. "काय आहे?"

"वीट."

गाडी नापास झाली. मे महिना संपायच्या आत दुरुस्त करून आणा, म्हणाले.

गोलूकडे बाकीचं जुनं सामान पडून होतं. फक्त ड्रम हवे होते. या मॉडेलचे ड्रम बाजारात मिळत नव्हते. आनंदराव भीमाबाईंपुढे उभे राहिले.

"ड्रम पायजे होते वं."

"काहून? फुलं हायेत त्यात."

"दुसरीकडे लाव ना."

"या उन्हात उपटलं तं मरीन ते. वाळलं की न्या."

त्या दिवसापासून झाडांना पाणी घालायचं काम आनंदरावांनी आपणहून अंगावर घेतलं. भीमाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. आनंदराव रोज सकाळी खिडकीखाली बसत आणि एक थेंबही घालत नसत. माणूस चाकासाठी फुलं मारतो, हे त्यांना अजिबात वावगं वाटलं नाही.

कॉलनीतली हिरवळ करपली. गणपतरावांची जास्वंद गेली. चिनी गुलाब मात्र ऊन चढलं की रोज उमलत होता. गुलाबी, पिवळा, बेशरम.

शेवटी त्यांनी बायकोवर संशय घेतला.

"तू पाणी घालते का वं लपून?"

"मी काहून घालू? तुमी घालून राहिले ना?"

तेवढ्यात त्यांच्या मानेवर थेंब पडला. त्यांनी वर पाहिलं. खिडकीतल्या कूलरच्या कोपऱ्यात दुसरा थेंब तयार होत होता. कूलर बंद करायची नागपूरच्या मे महिन्यात कोणाची छाती नव्हती. आनंदरावांचीही नव्हती.

"कूलर मस्त बनवला बरं तुमी," भीमाबाई म्हणाल्या.

मे संपला. भंगारवाल्यानं मागच्या डिस्कची फार तारीफ केली. वीट नको म्हणाला.