कानातली बोंडं

स्टेशन रोडवरच्या दुकानदाराने मला आधीच बजावलं होतं. काउंटरवर दोन डब्या ठेवून तो म्हणाला, "साहेब, आवाज पाहिजे का सुकून पाहिजे, ते अगोदर ठरवा. ह्या रेंजमधी दोनी न्हाई भेटत." इयरफोन विकणारा माणूस इतकं शहाणपणाचं बोलतो याचं मला कौतुक वाटलं. मी हसलो आणि सुकूनची डबी उचलली.

तोवर माझ्याकडे वायरीचे, कानावर नुसते टेकणारे इयरफोन होते. त्यांचा आवाज फार मोकळा. गायकाने श्वास घेतलेला कळायचा. तबल्याच्या किनारीवर पडलेलं बोट वेगळं आणि शाईवर पडलेलं वेगळं ऐकू यायचं. तंबोरा तर असा पसरायचा की आमची दहा बाय बाराची खोली मोठी झाल्यासारखी वाटायची. पण ते कान बंद करत नसत. गाण्याच्या मागे घर चालूच असायचं: कुकरची शिट्टी, मुलीच्या मोबाइलवरची बडबड, शेजारच्या गिरणीचा पट्टा. नोकरीसाठी मी रोज परभणी-जिंतूर एसटीने जातो. त्या प्रवासात तंबोरा आणि इंजिन यांच्यात कायम इंजिन जिंकायचं.

ऐकायचा हा शौक मला वडिलांनी लावला. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते चारठाण्याच्या शाळेत मास्तर होते आणि घरात त्यांचा एक रेडिओ होता, ज्याला आम्ही हात लावायचा नाही. गाणं रंगात आलं की अण्णा एक बोट वर करायचे. "आता बघ, सम येतीय," म्हणायचे, आणि सम यायची. लहानपणी मला वाटायचं, ती त्यांच्या बोटामुळेच येते.

आई गेल्यावर मी अण्णांना परभणीला आणलं. गावात त्यांच्या लहान भावाचं कुटुंब शेजारीच होतं, तरी आणलं. पहिले काही महिने बरे गेले. संध्याकाळी कचेरीतून आलो की आम्ही दोघं पुढच्या गॅलरीत खुर्च्या टाकून बसायचो. माझ्या कानात ते वायरीचे असायचे, गाणं हळू आवाजात चालू असायचं, आणि अण्णा बोलत असायचे. मला दोन्ही ऐकू यायचं. मध्येच एक इयरफोन मी त्यांच्या कानाला लावायचो, आणि त्यांचं बोट वर जायचं. तेव्हा मला हे काही विशेष वाटत नव्हतं.

मग समोर मंगल कार्यालय उघडलं. लग्नसराईत डीजे असा वाजायचा की ताटातलं वरण थरथरायचं. त्यात मी चिडका माणूस, घरात हे सगळ्यांना माहीत आहे. दिवसभर कचेरीत लोकांची गाऱ्हाणी ऐकून डोकं पिकायचं. म्हणून मी स्टेशन रोडला गेलो आणि ते नवे इयरफोन आणले: वायर नाही, शेंगदाण्याएवढे, आणि टोकाला मऊ रबरी बोंडं. ती बोंडं कानात पिळून बसवली की जग मिटायचं.

आवाज मात्र भिकार होता. ते मला पहिल्याच दिवशी कळलं. माठात तोंड घालून गायल्यासारखा गळा, नुसता धपधप तबला, आणि तंबोरा कुठेच नाही. ज्याने मला ऐकायला शिकवलं तो माणूस शेजारी बसलेला असताना मी गाणं देऊन शांतता घेतली होती. आणि आता खोटं कशाला बोलू? डीजे तर वर्षातून चार महिने. बाकीचे आठ महिने मी जो आवाज बंद करत होतो तो अण्णांचा होता.

अण्णा फार बोलायचे. आई होती तोवर तिच्याशी बोलायचे, ती गेल्यावर सगळं माझ्याकडे आलं. शाळेचे पत्रे कसे उडाले, कुणाची बैलजोडी कशी गेली, नळाला पाणी कितव्या दिवशी आलं. तेच ते, तेच ते. आमच्याकडे कुणी काही सांगत असलं की ऐकणाऱ्याने हूं द्यावा लागतो. हूं नाही दिला तर सांगणारा थांबतो आणि "झोपलास का?" म्हणून विचारतो. मला तर बोलायला यायच्या आधीपासून हूं द्यायला येत असेल. त्यामुळे अण्णांकडे अर्धवट पाहत राहायचं आणि त्यांची हनुवटी थांबली की हूं म्हणायचं, हे मला दोन दिवसांत जमलं. भिंतीलाही कान असतात म्हणतात. त्या दिवसांत अण्णा भिंतीशी बोलले असते तर बरं झालं असतं.

असे दोन उन्हाळे गेले. बायकोने एकदोनदा टोकलं. "अहो, त्यांचं ऐका तरी." मी म्हणायचो, "ऐकतोच आहे की." अण्णा मात्र तक्रार करत नव्हते. उलट खुर्ची आणखी जवळ ओढायचे, थोडं मोठ्याने बोलायचे. मग मी गाणं थोडं मोठं करायचो.

एका सकाळी उठलो तर अण्णा कपडे करून, पिशवी भरून दारात बसलेले. मी विचारलं, "हे काय?" ते म्हणाले, "काल बोललो न्हाई का आपण? साडेआठच्या गाडीनं निघतो." मला काहीही आठवत नव्हतं. आठवणार कसं? पण मी काय बोललो, तर "हो, हो. बसवून देतो." ऐकलं नव्हतं असं सांगायची लाज वाटली. त्यांना स्टँडवर खिडकीची जागा मिळवून दिली, पाण्याची बाटली दिली. ते खिडकीतून म्हणाले, "कानाला जप बेटा." मी मान हलवली.

खरं सांगायचं तर मला राग आला होता. एवढं करून म्हातारा आपल्या मनाने निघून गेला, असं मी चार लोकांत बोलूनही दाखवलं. "त्यांना गावच गोड लागतं, आपण काय करणार?" असं म्हणायचो, आणि लोकही हो म्हणायचे.

सहाएक महिन्यांनी एका रविवारी चारठाण्याला गेलो. अण्णा देवळाकडे गेले होते. काकूने, म्हणजे अण्णांच्या लहान भावाच्या बायकोने, चहा केला. तीच त्यांना दोन वेळचं जेवण देते. मी सहज म्हणालो, "काकू, तुमाला त्रास पडायलाय. पण अण्णा ऐकत न्हाईत, त्यांना इथंच रहायचंय."

काकू माझ्याकडे बघतच राहिली. "आरं, त्यांना कुठं रहायचं होतं? तूच जा म्हणलास म्हणून आले की भाऊजी."

"मी?"

"तीन खेपा इचारलं म्हणले. 'मी गावाकडं जाऊन राहू का बेटा, तुमाला अडचण होत आसंल तर.' तिन्ही खेपा तू हूं म्हणलास. न्हाई तर ह्या वयात कोण एकटं रहायला येतंय?"

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. काकूला वाटलं मी रागावलो, म्हणून ती घाईने समजूत घालायला लागली. "त्यांचा तुझ्यावर राग न्हाई बरं. उलट सगळ्यायला सांगतेत. पोराचे कान लय खराब झाले म्हणं, दोनी कानाला मशीन लागली. पण 'घरी आला की मशीन लावून माझ्याजवळ बसायचा, रोज, माझं सगळं ऐकून घ्यायचा' म्हणतेत. डोळ्याला पाणी आणतेत सांगताना."

अण्णांच्या एका सोबतीच्या मास्तरांना कानाचं यंत्र होतं, तसंच लहान, कानात बसणारं. गाणं ऐकायचं ते वायरीचं, एवढं अण्णांना माहीत होतं. वायर गेली, एक कान त्यांना द्यायचं मी बंद केलं, म्हणजे पोराला ऐकू येईना झालं, असा त्यांनी हिशेब लावला. आणि माझ्या मनाला लागू नये म्हणून कधी विचारलं नाही, नुसती खुर्ची जवळ घेतली.

परत येताना मी एसटीत रडलो. शेजारच्या माणसाने तंबाखूची पुडी पुढे केली.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, पुढच्या रविवारी जातो, खरं काय ते सांगतो, आणि अण्णांना परत आणतो. ती म्हणाली, "सांगून कुणाचं भलं होणार? तुमचंच ना?" मी म्हणालो, मी त्यांना जा म्हणालो हे ते कायमचं मनात धरून बसतील. त्यावर ती म्हणाली, "ते दुखणं त्यांनी गिळलंय. पण ती दोन वर्षं त्यांच्याजवळ गोड हायत, मुलगा ऐकत बसायचा म्हणून. ती कशाला काढून घेता?"

ती बरोबर होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पंधरा दिवस मी हेच घोळवत होतो. न सांगावं, तर मी बापाला घराबाहेर काढलं, असंच त्यांच्या लेखी राहणार. सांगावं, तर दोन वर्षं ते कुणाशीच बोलत नव्हते, हे त्यांना कळणार. शेवटी मी माझ्या सोयीचं केलं. मला वाटलं, ऐकूच आलं नव्हतं म्हटल्यावर सगळा गैरसमज फिटेल, अण्णा हसतील, आणि संध्याकाळच्या गाडीने आम्ही दोघं परभणीला येऊ.

रविवारी सकाळी अण्णा दारापुढच्या पत्र्याखाली सुपात तूर डाळ निवडत बसले होते. मी त्यांच्यासमोर बसलो. तोंडाने सांगायला जमेना. मग खिशातून ते इयरफोन काढले आणि म्हटलं, "अण्णा, हे कानाचं यंत्र न्हाई. माझे कान चांगले हायत." आणि दोन्ही बोंडं त्यांच्या कानात बसवून एक तोडी लावली.

त्यांचा चेहरा आधी उजळला. डोळे मिटले, बोट थोडं वर आलं, मग कपाळाला आठी पडली. "गळा चांगला हाय," ते जरा मोठ्यानेच म्हणाले, "पण तंबोरा कुठाय? सगळं कोंडल्यागत वाटतंय." एवढं बोलून त्यांनी डोळे उघडले. समोर काकू शेळीला ओरडत होती, तिचं तोंड हलत होतं. अण्णा तिच्याकडे पाहत राहिले. मग शेळीकडे, मग रस्त्यावरून गेलेल्या ट्रॅक्टरकडे. मग माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलत होतो, माफी मागत होतो बहुतेक. त्यांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं, आणि ते माझ्या ओठांकडे बघत होते.

त्यांनी दोन्ही बोंडं काढून माझ्या हातात दिली. "असंच असायचं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"रोज?"

मी म्हणालो, "त्या दिवशी तुमी काय इचारलं ते मला ऐकूच आलं न्हाई अण्णा. मी कधी जा म्हणलो असतो का? चला परत. आजच चला."

पण ते त्या दिवसाचं विचारतच नव्हते. जाणं त्यांनी केव्हाच पचवलं होतं. ते सुपातल्या डाळीकडे बघत मागचे दिवस चाचपत होते, कुठली संध्याकाळ, काय सांगितलं होतं. मग एकदम त्यांनी मान वर केली.

"तुझ्या आईचं सांगितलं होतं, ते?"

"काय सांगितलं होतं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घातली. पाचवीच्या वर्गात खोटं बोललो तेव्हाही त्यांनी असं बघितलं नव्हतं. त्यात राग नव्हता. त्यांना फक्त खात्री करून घ्यायची होती.

"आता सांगा," मी म्हणालो. "अण्णा, आता ऐकतो मी. हे बघा, फेकून देतो हे."

"फेकू नको, महाग असंल." त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "ते एकदाच सांगायचं होतं बेटा. लय हिंमत करून सांगितलं. तिचं जायच्या आधीचं होतं, तुला मालूम असावं म्हणून. आता पुन्हा न्हाई व्हायचं माझ्याकडून."

मी खूप विनवण्या केल्या. ते म्हणाले, येईन की, दिवाळीला येईन. मग काकूने जेवायला हाक मारली.

गाडीत बसल्यावर मला एक संध्याकाळ आठवली. अण्णा बराच वेळ खाली मान घालून बोलत होते, नेहमीसारखं माझ्याकडे बघत नव्हते. बोलणं संपल्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता आणि तो काढला नव्हता. मी एक बोंड कानातून काढलं आणि विचारलं, "पाणी आणू का?" ते माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "आण."

मी आणलं. ते सगळं प्याले.

आता मी दर रविवारी चारठाण्याला जातो. आईबद्दल ते काय होतं हे एकाच माणसाला माहीत आहे, आणि तो माझ्यासमोर बसून मला पाऊसपाण्याचं सांगतो.