सितारामची ट्यूब आणि विश्वाचा मध्य

पावणे गावातल्या रबर कारखान्यात सिताराम पट्ट्या ताणून बघायचा. पट्टीचं एक टोक वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळायचं, वर खडूने खुणा करायच्या, दुसरं टोक ओढायचं आणि खुणा किती लांबल्या ते मोजायचं. काम साधं; पण हात हलला की माप खोटं. सितारामचा हात हलत नसे.

त्याच्या वस्तीत बहुतेक घरं कोकणातून आलेल्या बौद्धांची. भीमजयंतीला तिथे एक शिरस्ता होता. पाहुण्यांची भाषणं झाली की वस्तीतल्या एका कामगाराने उभं राहायचं आणि वर्षभरात नवं काय कळलं ते सांगायचं. पंच्याऐंशी साली पाळी सितारामवर आली. तो चारचौघांत कधी बोललेला नव्हता. बोबडी वळली तर वर्षभर वस्ती हसणार, या धास्तीने त्याला जेवण जाईना.

विषय वस्तीतल्या शाळेच्या वामन गुरुजींनी सुचवला. विश्व पसरतंय, दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे थवे, एकमेकांपासून लांब चाललेत, आणि या पसरण्याला मध्य नाही. सितारामने ऐकून घेतलं, पण त्याला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी ताणताना त्याने नीट पाहिलं. सगळ्या खुणा वाइसपासून लांब गेल्या. म्हणजे मध्य वाइसमध्ये. एक टोक आवळूनच काम करणाऱ्याला दुसरं काय दिसणार?

शेजारी उरणचा मुख्तार कामाला होता. तो म्हणाला, "सितारामभाऊ, आभालाला वाइस कोनी लावलाय?"

मग दोघांनी दोन टोकं धरून ओढली. आता मधली खूण जागची हलेना. मुख्तार म्हणाला, घ्या, सापडला मध्य. सिताराम मात्र पट्टीची टोकं बघत राहिला. पट्टीला टोकं आहेत तोवर मध्य निघणारच. मग टोकंच नकोत.

त्याने सायकलची जुनी ट्यूब आणली. हवा भरली तर एकाच बाजूला फुगली. ती टाकली. दुसरीही तशीच. तिसरी बोटांनी दाबून, जाडी सारखी बघून घेतली. ती सगळीकडून सारखी फुगली. तिच्यावर त्याने खडूने सारख्या अंतरावर खुणा केल्या.

जयंतीला तो ट्यूब घेऊन उभा राहिला. सुरुवात त्याने आपल्या वाइसच्या चुकीपासून केली. लोक हसले, आणि त्याची भीड चेपली. मुख्तारने पंप मारला, खुणा एकमेकींपासून लांब सरकू लागल्या.

"या खुणेवर बसा," सिताराम म्हणाला. "शेजारी लांब चालले ना? आता त्या खुणेवर बसा. तिथनंपन तेच. मग मधली खूण कुठली?"

बायकांतून त्याचीच बायको, दुर्गाबाई, उठली. "अहो, मध्य हाय की. ते काय मधलं भोक!"

मंडप हसून लोळला. सितारामने ट्यूब वर धरली आणि भोकाकडे बोट केलं.

"भोक खरं," तो म्हणाला. "पन ते रबरात नाय. खुणांची दुनिया म्हंजे रबर. त्यावर कितीबी चाला, भोकात पोचनार नाय. विश्वाच्या भायेर असं काय हाय का, ते मला ठाव नाय."

गुरुजींनी मान डोलावली. दुर्गाबाई म्हणाली, आता समजलं, आणि खाली बसली.

टाळ्या पडल्या. पण सिताराम काही मंचावरून खाली उतरेना. ज्याला त्याला बोलावून खुणेवर बोट ठेवायला लावत होता, पुन्हा पुन्हा सांगत होता. शेवटी मुख्तारने पंप उचलला आणि म्हणाला, बिर्याणी थंड होतेय, विश्व उद्या पसरवू.